"हस्तक्षेप म्हंजे आमचे बाबा का, सर?" : धरणाकाठच्या पोरांना हा धडा कसा शिकवायचा?

भीमाकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी. इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावरच्या एका माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवतो. चौदा वर्षं झाली. एवढी वर्षं जो भाग डोळे झाकून शिकवत आलो, त्यानंच या वर्षी मला आडवं केलं, म्हणून इथं लिहितोय.

नववीच्या घटक चाचणीत प्रश्न टाकला होता : 'मानवी हस्तक्षेपामुळे पर्यावरणात झालेले बदल आपल्या परिसरातील उदाहरणांसह लिहा.' एक्केचाळीस पेपर. घरी जेवण झाल्यावर तपासायला बसलो. पहिल्या पेपरात जंगलतोड, प्लास्टिक, वाहनांचा धूर. दुसऱ्यात जंगलतोड, प्लास्टिक, धूर आणि वर ओझोनचा थर. दहावा पेपर येईपर्यंत मला उत्तर पाठ झालं. 'मानवाच्या हस्तक्षेपामुळे निसर्गाचा समतोल बिघडत चालला आहे' हे वाक्य तर शिक्का मारावा तसं प्रत्येक पेपरात. आता आमच्या पंचक्रोशीत जंगल म्हणायचं तर ओढ्याकाठच्या वेड्या बाभळी. ती तोडली तरी कोण रडणार?

आणि वर्गाच्या खिडकीतून दिसतं काय, तर नजर पोचेल तिथवर पाणी. यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय. भीमेवर १९८० साली धरण पुरं झालं आणि नदीचा समुद्र झाला. गावं उठली, रेल्वेचा मार्ग हलला, ज्वारी-बाजरीचा मुलूख उसाचा झाला. माणसानं परिसरात केलेला याहून मोठा बदल या पोरांना जन्मात दिसायचा नाही. एक्केचाळीस पेपरांत धरण हा शब्द एकदाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, अरे बाहेर एवढं धरण दिसतंय, ते कुणीच कसं लिहिलं नाही? तर एक मुलगी म्हणाली, "सर, ते तर पाणी आहे." तेव्हा ध्यानात आलं. यांच्या लेखी हाच निसर्ग. ही जन्मली तेव्हा पाणी होतंच, यांचे आईबाप शाळेत जात होते तेव्हाही होतं. बदल दिसायला आधीचं काहीतरी ठाऊक असावं लागतं, आणि तेच यांच्याकडं नाही.

मग मी फळ्यावर काढून सांगितलं : नदी अडवणं हाही हस्तक्षेप, पाणी उपसणं हाही हस्तक्षेप. मागच्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला. त्याच्या वडलांची मोटार धरणात आहे. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं तशी ही माणसं मोटार पुढं नेतात, पाइप वाढवतात, तरी पुरलं नाही तर चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतात. मे महिन्यात हा पोरगाही बापाबरोबर चिखलात असतो. त्यानं विचारलं, "हस्तक्षेप म्हंजे आमचे बाबा का, सर?"

वर्ग हसला. तो हसत नव्हता.

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. कारण खरं उत्तर 'हो' आहे, आणि 'हो'नं ते संपत नाही. माझा पगार, शाळेची इमारत, पोरांच्या पायातले बूट, सगळं त्या उसाच्या पाण्यावर. दुसरीकडं मार्च-एप्रिलात हेच पाणी हिरवं पडतं, काठाला जलपर्णी लागते, वास सुटतो. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्या दारात. तिसरीकडं त्याच उथळ चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. भिगवण-कुंभारगावला पुण्याहून कॅमेरेवाल्यांची रांग लागते आणि याच पोरांचे चुलते त्यांना होडीतून फिरवतात. धरण नसतं तर इथं रोहित कशाला आले असते? मग 'ऱ्हास' म्हणू का 'सुधारणा' म्हणू?

तर विचारायचं असं : धरणाआधीचं पोरांना दाखवायचं कसं? आणि बापाला आरोपी न करता, पण पाणी हिरवं का पडतं हेही न लपवता हा भाग कसा शिकवता येईल? खर्चाची सोय नाही. शाळेत एक प्रोजेक्टर आहे, वीज असली तर चालतो.

---

सरळमार्गी

सर, राग मानू नका. मीही शिक्षक आहे. बोर्डाला जंगलतोड-प्लास्टिक-धूर हेच उत्तर चालतं, पोरांना मार्क मिळतात. तुम्ही धरणाचं शिकवाल, पेपर तपासणारा लातूरचा असेल, त्याला काय कळणार? अभ्यासक्रम पुरा करा आणि मोकळे व्हा. आधीच अशैक्षणिक कामं थोडी आहेत का?

---

भीमाकाठचा मास्तर

राग नाही. अशैक्षणिक कामांबद्दल तर तुमच्या तोंडात साखर पडो. पण जलसुरक्षा हा नववी-दहावीला श्रेणी विषय आहे, त्याचा पेपर लातूरला जात नाही, तपासणारा मीच. तिथं तरी 'परिसर' या शब्दाचा अर्थ पोराच्या घराभोवतीचा परिसर असा लावायला काय हरकत आहे?

---

कोरा नकाशा

मास्तर, 'आधीचं कसं दाखवायचं' याचं उत्तर माझ्याकडं आहे, कारण पोटापाण्याचा धंदाच तो आहे. पुण्यात नकाशांचं काम करतो.

गूगल अर्थमधली जुन्या वर्षांची सरकपट्टी वापरायला जाल तर फसाल. ती १९८४ च्या आसपासपासून सुरू होते आणि तुमचं धरण १९८० चं. म्हणजे पट्टी पार डावीकडं ओढली तरी पाणी आहेच. पोरं म्हणतील, बघा, आधीपासून होतं!

त्यापेक्षा मागं जायचे दोन रस्ते आहेत. अमेरिकन लष्करानं १९५० च्या दशकात छापलेले भारताचे अडीच लाखाच्या प्रमाणातले नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यात भीमा म्हणजे एक बारीक वळणावळणाची रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना गावं. आजच्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारी नकाशे संकेतस्थळावर नाव नोंदवून उतरवता येतात. दुसरा रस्ता उपग्रहाचा. पहिला लँडसॅट जुलै १९७२ मध्ये वर गेला. त्याची चित्रं ढोबळ असतात, एक ठिपका म्हणजे साधारण ८० मीटर, पण नदी आणि समुद्र यातला फरक ओळखायला तेवढं पुष्कळ झालं. २००८ पासून ती सगळी फुकट आहेत.

एक धोका सांगून ठेवतो. मी स्वतः एका कार्यशाळेत यात तोंडघशी पडलो आहे. दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवाल तर महिना एकच घ्या. मी एक ऑक्टोबरचं आणि एक मे महिन्याचं घेतलं आणि 'बघा, पाणी किती आटलं' म्हणून मोठ्या आवेशात भाषण ठोकलं. पुढच्या रांगेतला एक शेतकरी म्हणाला, "साहेब, मे महिन्यात दरसालच आटतंय." त्या दिवसापासून महिना आधी बघतो, वर्ष नंतर.

संगणकावर दाखवू नका. पोरं बघतात आणि विसरतात. छापील प्रत काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पाण्याची कड पेन्सिलनं गिरवायला लावा, मग तो कागद आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजायला लावा. पन्नास हजारी नकाशावर १ सेंमी म्हणजे अर्धा किलोमीटर, तेव्हा एक सेंटिमीटरचा चौकोन म्हणजे २५ हेक्टर. काठावरचे अर्धे चौकोन धरायचे की सोडायचे यावरून भांडणं होतील. होऊ द्या. क्षेत्रफळ म्हणजे काय ते त्या भांडणात कळतं. त्यानंतर जुना नकाशा हातात द्या, आणि पाण्यात गेलेल्या गावांची नावं पोरांनाच शोधू द्या. सगळ्यांचं प्रमाण एक नाही हे मात्र आधी सांगा, नाहीतर अडीच लाखावर पन्नास हजाराचं ट्रेसिंग बसवत बसतील.

---

गाळपेर

वरची शेवटची ओळ वाचली नि लिहावंसं वाटलं. त्या नकाशातल्या गावांपैकी एक आमचं.

मी धरणग्रस्ताची पोर. माझा जन्म नव्या गावठाणातला. पण दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजी आम्हाला घेऊन जायची. ऊन रखरखीत, पायाखाली भेगाळलेला गाळ, आणि मधेच घरांची जोती वर आलेली, एकाला एक लागून. आजी त्यातनं न चुकता चालायची. भिंत नाही, दार नाही, तरी ती दारातूनच आत शिरायची. ही ओसरी. इथं जातं होतं. इथं तुझा बाप पडला नि कपाळ फुटलं. शेजारच्या जोत्यात पाय टाकला की ओरडायची, लोकांच्या घरात कुठं शिरतेस!

पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी उतरलं की उघडं पडतं, तेव्हा पेपरात फोटो येतात, लोक गाड्या घेऊन बघायला जातात. आमच्या जोत्यांचा फोटो कुणी काढत नाही. काढावा असं मी म्हणतही नाही.

मास्तर, तुमच्या वर्गात माझ्यासारखी पोरं असणार, त्यांच्यासाठी एक सांगते. मी सातवीत असताना आमच्या बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले, 'धरणाचे फायदे' नि 'धरणाचे तोटे'. फायदे आठ झाले. तोट्यात पहिलं लिहिलं, 'काही गावांचे विस्थापन'. काही. मला त्या वेळी रडू का आलं ते कुणाला सांगता आलं नाही, पोटात दुखतंय म्हणून घरी गेले. बाई वाईट नव्हत्या. पण ते रकाने वाईट. फायदा एकाच्या रकान्यात नि तोटा दुसऱ्याच्या घरात, आणि बेरीज वही करणार.

म्हणून म्हणते, रकाने आखायचेच तर 'कुणाचं' हा एक रकाना जास्तीचा घाला. पाणी कुणाला, जमीन कुणाची, वास कुणाच्या दाराला, होडीचं भाडं कुणाला. मग आमच्यासारख्यांचीही गंमत कळेल. पाणी मागं सरकलं की जी जमीन उघडी पडते तिच्यावर आमच्याकडं गाळपेर करतात. जी जमीन बुडाली म्हणून आजी रडली, तिच्यावरच माझ्या चुलत्यानं पुढं कलिंगडं काढली. गाळावर पीक असं येतं की विचारू नका. तोटा म्हणू का फायदा म्हणू?

आणि पोरांना म्हाताऱ्या माणसांकडं पाठवा. प्रश्न मात्र नीट द्या. 'धरणाआधी पर्यावरण कसं होतं' असं विचारलं तर म्हातारी म्हणेल, चांगलं होतं बाबा, नि गप्प बसेल. 'नदीत कुठले मासे सापडायचे' म्हणून विचारा. 'उन्हाळ्यात पाणी कुठनं आणायचा' म्हणून विचारा. आजी सांगायची, वैशाखात नदी आटायची, वाळूत झिरा खणायचा, नि वाटीवाटीनं पाणी भरायचं. म्हणजे आधीचं सगळं गोडच होतं असंही नाही.

---

भीमाकाठचा मास्तर

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'फायदे-तोटे' मीही चौदा वर्षं आखत आलोय. तुमच्या बाईंच्या जागी मीच उभा होतो असं वाटलं.

मधल्या आठवड्यात थोडं करून पाहिलं, ते सांगतो. माशांचा प्रश्न दिला. दुसऱ्या दिवशी पोरं नावं घेऊन आली : वाम, मरळ, शिंगाडा, आणि एकदोन अशी की मलाही ठाऊक नव्हती. मग विचारलं, आज बाजारात काय असतं? सगळे एका सुरात, "चिलापी!" चिलापी ही मूळची आफ्रिकेची, भारतात ती १९५२ मध्ये आणली, हे सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसेना. कारण भिगवणच्या मासळीच्या ताटात चिलापी म्हणजे घरची लेक. एक कोळ्याचा पोरगा म्हणाला, आता सकर मासा पण जाळ्यात येतो, खवल्यांनी जाळं फाटतं, त्याला कुणी खात नाही, काठावर फेकून देतात. तो पहिल्यांदाच वर्गात एवढं बोलला. एरवी त्याचा आवाज हजेरीपुरता.

दुसरं जमलं ते गणिताच्या अंगानं. उजनीची टक्केवारी उन्हाळ्यात 'उणे' होते हे आमच्याकडं पोराटोरांना माहीत असतं, बातम्यांत रोजच असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उणे पन्नासच्याही खाली गेली होती. मी विचारलं, पाणी शून्यापेक्षा कमी कसं असेल रे? हंडा रिकामा झाला की शून्य. त्याच्याही खाली काय, उसनं पाणी? बराच वेळ गोंधळ. मग आकडे दिले. पूर्ण भरलेलं धरण सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). त्यातलं जवळजवळ ६३.६ मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दाराच्या पातळीखालचं, आपोआप बाहेर न जाणारं. वरचं उपयुक्त ते साडेत्रेपन्न. शून्य टक्के म्हणजे दाराची पातळी. आणि उणे पन्नास म्हणजे उपयुक्ताच्या निम्म्याइतकं पाणी मृतसाठ्यातून गेलं. वजाबाकी करा. पोरांनी केली : तरीही ३६ टीएमसीच्या वर शिल्लक. आता पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं तुडुंब भरली तर उपयुक्त पाणी सुमारे २९. म्हणजे 'आटलेल्या' उजनीत पुण्याच्या भरलेल्या चार धरणांपेक्षा जास्त पाणी! गाळ किती बसलाय ते या हिशेबात धरलेलं नाही, तेही सांगितलं.

वर्गात शांतता. मग तोच मोटारवाला पोरगा म्हणाला, "मग आमच्या मोटारीला का पुरत नाही?" आणि त्यावर मला फळ्याकडं वळायचीही गरज पडली नाही, पोरांनीच उत्तर दिलं : कारण ते लांब गेलंय आणि खोल गेलंय. पाणी आहे, पण ते नदीच्या जुन्या पात्रात. उन्हाळ्यात धरण आपली जुनी नदी परत दाखवतं, हे एका मुलीनं स्वतःहून म्हटलं. कोरा नकाशा साहेब, तुमच्या अमेरिकन नकाशातली ती रेघ आता मे महिन्यात प्रत्यक्ष दाखवणार आहे, डिकसळच्या जुन्या पुलाजवळून, लांबूनच.

हिरव्या पाण्याचं मात्र अजून जमलेलं नाही.

---

डिचोलीची बाई

मी गोव्यात, डिचोली भागात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. तुमचा मोटारीचा पोरगा वाचून मला माझे ट्रकवाल्यांचे पोरगे आठवले.

आमच्याकडं लोखंडाच्या खाणी. पावसात डोंगरावरच्या खाणमातीचे ढीग वाहून येतात, ओहोळ लाल होतो, ती माती भातशेतात बसते. आणि वर्गातल्या निम्म्या घरांचा हप्ता ट्रकवर. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा पोरांनी डबे आणणं कमी केलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्या वर्षी 'खाणींमुळे पर्यावरणाची हानी' हा निबंध द्यायचं माझ्यानं झालं नाही.

पुढं मी निबंध सोडला आणि बाटली धरली. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर प्रत्येकानं घराजवळच्या ओहोळाचं पाणी एकसारख्या काचेच्या बाटलीत आणायचं. घरच्या मोठ्या माणसानं भरून द्यायचं, पोरानं ओहोळात उतरायचं नाही. बाटल्या खिडकीत रात्रभर ठेवायच्या, सकाळी तळाचा थर पट्टीनं मोजायचा. कुणाचा दोन मिलिमीटर, कुणाचा दोन बोटं. नावं नकाशावर लावली की पोरं आपसूक वर डोंगराकडं बघतात. मला 'खाण' हा शब्द उच्चारावा लागत नाही. एका ट्रकवाल्याच्या मुलानंच म्हटलं, बाबांच्या ट्रकावर ताडपत्री असते, ढिगावर का नसते? हा प्रश्न आमच्या ग्रामसभेत कुणी विचारला नव्हता.

तुमच्या हिरव्या पाण्यालाही असं मोजता येईल. पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीला गाठ मारायची. शास्त्रज्ञ हेच करतात, त्यांची ताटली काळी-पांढरी रंगवलेली असते एवढंच. तुमच्या कोळ्याच्या घरच्या माणसांकडून होडीतून करून घ्या, पोरं काठावर.

---

निचरा शिरोळ

राम राम. मी मास्तर नव्हे, शेतकरी. पोरगी आठवीत आहे म्हणून या चर्चा वाचतो. हिरव्या पाण्याचं मला कळत नाही, पण 'बाप आरोपी' हे मला चांगलं कळतं, कारण मी आहे.

आमच्या वडलांनी नदीवरनं पाणी उचललं. माळाला पाणी आलं म्हणून गावात पेढे वाटले होते. काळी जमीन, ऊस, आणि पाटानं पाणी, दिवस म्हणू नका रात्र म्हणू नका. पाणी जास्त दिलं की ऊस जास्त येतो अशी समजूत. पंधरा-वीस वर्षांत खालची पातळी वर आली, ती क्षार घेऊन वर आली, आणि एक दिवस बांधाकडच्या सखल तुकड्यावर पांढरं फूल पडलं. पहिल्यांदा वाटलं कुणी युरिया सांडला. दुसऱ्या वर्षी तिथला ऊस गुडघ्याएवढाच राहिला. मग उगवेनाच. शिरोळ, मिरज, वाळवा, कुठंही जा, अशी रानं दिसतील. यात कुणी खलनायक नाही. आमच्या वडलांनी जे केलं ते सगळ्यांनी शाबासकी दिली म्हणून केलं.

पोरीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला आम्ही दोघांनी मिळून हे दाखवलं. प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या कापायच्या, बुडाला भोकं पाडायची, आत फडक्याचा तुकडा घालून वर चाळलेली काळी माती. एक बाटली साध्या पाण्याच्या ताटलीत उभी करायची, दुसरी मिठाच्या पाण्याच्या. उन्हात. ताटलीतलं पाणी आटलं की परत घालायचं. आठ-दहा दिवसांत दुसरीच्या तोंडाशी पांढरी साय धरते. पाणी खालनं वर कसं चढलं आणि मीठ मागं ठेवून कसं उडून गेलं, सांगावं लागत नाही.

खरी गंमत पुढं आहे. पोरीनं विचारलं, आता हे धुऊन काढता येईल का? म्हणून वरनं गोडं पाणी ओतलं. पहिल्या दोन वेळा खाली खारं पाणी निघालं, चाखून बघितलं. तिसऱ्या वेळेला पाणी वरच थांबलं. माती लोण्यासारखी चिकट झालेली, पाणी खाली जाईचना. ही चोपण. रानात हेच होतं. मग चमचाभर जिप्सम मिसळलं, तेव्हा कुठं पाणी हळूहळू वाट धरू लागलं. आणि ज्या बाटलीच्या बुडाची भोकं चिखलानं बुजली होती तिला जिप्समचाही उपयोग नाही. आम्ही रानात सच्छिद्र पाइप गाडले ते याचसाठी, भोकं हवीत म्हणून. शेजारच्यांनी मिळून केलं तरच ते चालतं, कारण माझा निचरा त्याच्या बांधावरनं जातो. तो तुकडा आता पुरा नाही, पण बरा आहे. तिथं ताग टाकला होता, या साली ऊस छातीएवढा आहे.

प्रदर्शनात एका साहेबांनी विचारलं, यात पर्यावरण कुठं आहे? पोरगी म्हणाली, "आमच्या आजोबांनी बिघडवलं, बाबा दुरुस्त करतायत, हे ते पर्यावरण." नंबर आला नाही.

तुमच्या मोटारवाल्या पोराला एवढं सांगा, बापाला विचार की पाणी किती तास देतोस आणि थांबायचं कशावरनं ठरवतोस. भांडण लागलं तर माझं नाव सांगा.

---

भीमाकाठचा मास्तर

दादा, तुमच्या पोरीला नंबर मी देतो.

पोराला विचारायला सांगितलं. तो उत्तर घेऊन आला : "बाबा म्हनले, थांबायचं लाइट ठरवती." आठ तास वीज आली की आठ तास मोटार चालू, कारण पुन्हा कधी येईल भरवसा नाही. मग वर्गात अर्धा तास विजेवर गेला. हे माझ्या पाठ टाचणात कुठंच नव्हतं. पण 'हस्तक्षेप' हा शब्द त्या अर्ध्या तासात कुणी वापरला नाही, आणि तरी सगळी चर्चा त्याचीच होती.

डिचोलीच्या बाई, ताटलीचं ठरलं. शाळेच्या पोषण आहाराच्या पांढऱ्या थाळ्यांपैकी एक पोचे आलेली थाळी बाजूला काढली आहे. कोळ्याच्या पोराचे वडील दर पंधरवड्याला दोरी सोडणार, पोरगा गाठी मोजून वहीत लिहिणार, आतापासून जूनपर्यंत. पहिली गाठ परवा पडली, त्यानं वीत लावून मोजली, पाच विती नि चार बोटं. पट्टी द्यायला मी विसरलो होतो.

ताई, 'कुणाचं' हा रकाना वाढवलाय. पहिल्याच दिवशी एका पोरानं 'वास' या ओळीपुढं 'पुण्याचा' लिहिलं आणि दुसऱ्यानं ते खोडून 'आपला पण' असं लिहिलं, कारण त्याच्या वस्तीवरचं गटारही धरणातच जातं. दोघांची जुंपली. मी मध्ये पडलो नाही.

निचरा दादा, एकच विचारायचं राहिलं. बाटल्या जमवल्या, काळी माती तर दारातच आहे. मीठ किती घ्यायचं?

---

निचरा शिरोळ

अर्ध्या लिटरला दोन चमचे, चहाचे. बारीक मीठ घ्या. आणि ताटल्या कोंबड्या, कुत्री यांच्यापासून लांब ठेवा, आमची पहिली खेप शेळीनं प्याली.